जॉर्ज ईस्टमन : ओझे हलके करणारा माणूस

अमेरिकेच्या उत्तरेस ह्यूरन सरोवरात मॅकिनॉ नावाचे एक लहानसे बेट आहे. वारा आणि पाणी यांनी तेथील चुनखडीच्या कड्यात एक प्रचंड कमान कोरून काढली असून तिच्याखालून सरोवराचे निळे पाणी दिसते. १८७५ साली या बेटाचा मोठा भाग राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आला. यलोस्टोननंतरचे ते त्या देशातील दुसरे राष्ट्रीय उद्यान. त्यानंतर थोड्याच वर्षांत एका उन्हाळ्यात, विशी ओलांडलेला एक तरुण या कमानीपुढे आपले सामान मांडून बसला होता. सामान म्हणजे साबणाच्या खोक्याएवढा कॅमेरा, जाडजूड तिपाई, अंधारा तंबू, काचेच्या पट्ट्या, रसायनांच्या बाटल्या आणि पाण्याचे भांडे. पाहणाऱ्यांस तो धंदेवाईक छायाचित्रकार वाटला. काही पर्यटक हौसेने कमानीवर जाऊन उभे राहिले आणि त्याची तयारी होईपर्यंत अर्धा तास उन्हात तिष्ठत राहिले. चित्र घेऊन झाल्यावर त्यांतील एकाने प्रतीची किंमत विचारली. आपण छायाचित्रे विकत नाही, केवळ हौसेखातर काढतो, असे तरुणाने सांगताच तो गृहस्थ भडकला. असे असेल तर उन्हात आम्हाला ताटकळत का ठेवलेस, हौशी असल्याची पाटी तरी गळ्यात अडकवायची होतीस, अशा अर्थाचे चार शब्द सुनावून तो निघून गेला.

तो तरुण म्हणजे जॉर्ज ईस्टमन. ही हकिकत ते पुढे स्वतः सांगत असत.

त्या गृहस्थाचा राग अगदीच अनाठायी नव्हता. त्या काळी इतका खटाटोप केवळ गंमत म्हणून कोणी करील, ही गोष्टच पटण्याजोगी नव्हती. तेव्हाची रीत ओल्या काचेची होती. काचेच्या पट्टीवर कलोडियन नावाचा चिकट द्रव पसरावयाचा, अंधाऱ्या तंबूत ती पट्टी सिल्व्हर नायट्रेटच्या पात्रात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवून चित्र घ्यावयाचे आणि ती सुकण्यापूर्वी पुन्हा तंबूत शिरून रसायनांनी चित्र प्रकट करावयाचे. पट्टी सुकली की सारे मुसळ केरात. म्हणून प्रयोगशाळा पाठीवर घेतल्यावाचून घराबाहेर चित्र काढता येत नसे. आपल्याकडे सॅम्युअल बॉर्न या इंग्रज छायाचित्रकाराने १८६३ ते १८६६ या काळात हिमालयाची चित्रे याच रीतीने घेतली. १८६६ साली मणिरंग खिंडीत सुमारे १८,६०० फुटांवर त्याने कॅमेरा उभा केला. त्याच्या एकेका सफरीत काचा, पेट्या आणि तंबू वाहणाऱ्या हमालांची संख्या चाळिशीच्या घरात जाई. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर बॉर्नचे नाव आले. बर्फात अनवाणी चाललेल्या त्या हमालांची नावे कोठेच नोंदलेली नाहीत. निसर्गाचे चित्र ही तेव्हा श्रीमंताची, सरकारची किंवा धंदेवाल्याची मिरास होती, आणि तिचे ओझे दुसऱ्याच कोणाच्या तरी खांद्यावर असे.

ईस्टमन यांच्यापाशी हमाल नव्हते. त्यांचे बालपण चणचणीत गेले. १२ जुलै १८५४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वॉटरव्हिल या गावी त्यांचा जन्म झाला. वडील रॉचेस्टर शहरात व्यापारी शिक्षणाची शाळा चालवीत. पण जॉर्ज सात वर्षांचा असताना ते वारले आणि आई मारिया हिने घरात भाडेकरू ठेवून, त्यांना जेवूखाऊ घालून तीन मुलांचा सांभाळ केला. दोन बहिणींपैकी एक पोलिओने अपंग झाली होती. जॉर्ज सोळा वर्षांचा असताना तीही गेली. चौदाव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि एका विमा कचेरीत आठवड्याला ३ डॉलर पगारावर निरोप्याची नोकरी धरली. या वयात त्याने ठेवलेल्या खर्चाच्या वहीत पैन् पैचा हिशेब सापडतो. आईला चार घरच्या माणसांपुढे ताट वाढावे लागते, हे शल्य त्या मुलाच्या मनात खोल रुतलेले असावे; कारण पुढे मिळविलेल्या प्रत्येक पैशाचा पहिला विचार तिच्या सुखाचा असे.

१८७४ साली रॉचेस्टरच्या बचत बँकेत कारकुनाची जागा मिळाली आणि जरा हायसे वाटले. तीन वर्षांनी त्यांनी सुट्टीत कॅरिबियन समुद्रातील सांतो दोमिंगो पाहण्याचा बेत आखला. प्रवासाची चित्रे घ्यावीत असे एका सहकाऱ्याने सुचविले. ईस्टमन यांनी सामान खरेदी केले, एका छायाचित्रकाराला ५ डॉलर देऊन शिकवणी घेतली, आणि हे सर्व होईपर्यंत मूळ प्रवास राहूनच गेला. त्याऐवजी मॅकिनॉ बेट पदरात पडले. या वाटेवर सिल्व्हर नायट्रेटचे पात्र फुटू नये म्हणून त्यांनी ते ट्रंकेत आपल्या अंतर्वस्त्रांत गुंडाळून ठेवले होते. ते गळले, आणि कपड्यांवर न जाणारे काळे डाग पडले. माणसाला एखाद्या कल्पनेचा ध्यास कशाने लागेल हे सांगता येत नाही. ईस्टमन यांना तो या ओझ्याने लागला. सुट्टीवर निघालेल्या माणसाला एक ओझ्याचे गाढव लागू नये, एवढाच तो विचार होता.

इंग्लंडमधील नियतकालिकांत कोरड्या पट्टीचे प्रयोग छापून येऊ लागले होते. जिलेटिनमध्ये चांदीचे क्षार मिसळून काचेवर लेप दिला, तर ती सुकल्यावरही प्रकाश टिपू शकते, असे त्या प्रयोगांचे सार होते. दिवसभर बँकेतील आकडेमोड आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात चुलीवर जिलेटिन शिजविणे असा क्रम सुरू झाला. कित्येकदा अंगावरचे कपडेही न उतरविता ते चुलीशेजारी जमिनीवरच झोपी जात. शेवटी लेप तर साधलाच, पण पट्ट्यांवर सारखा लेप देणारे यंत्रही त्यांनी तयार केले. १८७९ साली लंडनला जाऊन त्याचे पेटंट घेतले. १८८१च्या आरंभी हेन्री स्ट्राँग भागीदार झाले. ते घोडागाडीचे चाबूक बनविणारे कारखानदार, आणि पूर्वी ईस्टमन यांच्याच घरी भाडेकरू म्हणून राहिलेले. त्याच वर्षी सप्टेंबरात ईस्टमन यांनी बँकेची नोकरी सोडली.

आणि लगेच संकट कोसळले. १८८२ साली पट्ट्यांवरील चित्रे निष्प्राण उमटू लागली. दुकानदारांच्या तक्रारी आल्या. ईस्टमन यांनी विकलेला सारा माल परत मागविला आणि बदलून देण्याचे वचन दिले. पण बदलून द्यावयास चांगला माल होताच कोठे! शेकडो प्रयोग फसले. कारखाना बंद ठेवून ते इंग्लंडला गेले, तेथील पट्ट्या बनविणाऱ्यांची रीत पाहून आले. तेव्हा उमगले की दोष कृतीत नव्हता, नव्या खेपेच्या जिलेटिनमध्ये होता. तसे का व्हावे याचा उलगडा पुष्कळ वर्षांनी, त्यांच्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत झाला. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून जिलेटिन बनते. त्या जनावरांच्या चाऱ्यात मोहरीच्या जातीच्या वनस्पती असल्या की त्यांतील गंधकयुक्त अंश जिलेटिनमध्ये उतरतो आणि चांदीच्या क्षारांची प्रकाश टिपण्याची शक्ती वाढवितो. गाईने कुरणात काय खाल्ले यावर एका कारखान्याचे नशीब हेलकावे खात होते!

या प्रसंगाने ईस्टमन यांना कच्च्या मालाच्या बाबतीत कठोर बनविले. आरंभीच माल परत घेण्याच्या त्या निर्णयात कंपनीची बहुतेक सारी शिल्लक गेली. परंतु दुकानदारांचा विश्वास राहिला, आणि पुढच्या साऱ्या पसाऱ्याचा पाया तोच होता.

तरी काच ती काचच. जड आणि फुटणारी. १८८४ साली विल्यम वॉकर यांच्यासह त्यांनी कागदाची गुंडाळी आणि ती कॅमेऱ्यात बसविण्याची चौकट तयार केली. पण धंदेवाईक छायाचित्रकारांनी तिच्याकडे पाठ फिरविली. काचेवर येणारी सुबकता कागदावर येत नव्हती. येथे ईस्टमन यांनी जे केले त्यात त्यांची खरी प्रतिभा दिसते. जाणकारांना जे नको ते अजाण माणसाला द्यावे, असे त्यांनी ठरविले. ज्याने कधी कॅमेरा हाती धरला नाही अशा माणसाला डोळ्यांपुढे ठेवून १८८८ साली त्यांनी एक लहान पेटी बाजारात आणली. दोरी ओढावयाची, बटण दाबावयाचे, किल्ली फिरवावयाची, की पुढच्या चित्राची तयारी झाली. आत १०० चित्रांची गुंडाळी असे. ती संपली की पेटीच रॉचेस्टरला धाडून द्यावयाची. तेथे चित्रे धुऊन, छापून, नवी गुंडाळी भरून पेटी परत येई. पेटीची किंमत २५ डॉलर, या सेवेचे १० डॉलर. अडीच इंच व्यासाची ती चित्रे चक्क गोल असत. अंधारा तंबू, रसायने, डागाळलेली बोटे हे सारे गिऱ्हाइकाच्या वाट्यातून गेले आणि कारखान्याच्या भिंतींआड जाऊन बसले.

या पेटीचे नाव कोडॅक. त्या शब्दाला कोणत्याही भाषेत अर्थ नाही, आणि म्हणूनच तो निवडला. आखूड, उच्चारास सोपा आणि कोणत्याही दुसऱ्या वस्तूशी गफलत न होणारा. इंग्रजीतील ‘के’ हे अक्षर ईस्टमन यांच्या विशेष आवडीचे. आईच्या माहेरच्या किलबर्न या आडनावाचे ते आद्याक्षर.

पुढच्याच वर्षी कागदाची जागा पारदर्शक, लवचिक फिल्मने घेतली. हेन्री रायकेनबाख या तरुण रसायनज्ञाने ती ईस्टमन यांच्यासाठी सिद्ध केली. अशाच फिल्मच्या लांब पट्टीवर एडिसन यांच्या प्रयोगशाळेत हलती चित्रे घेतली गेली, आणि पाव शतकाच्या आत, १९१३ साली, दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या पडद्यावर आला तोही अशाच लवचिक पट्टीवरून.

मात्र या फिल्मच्या कथेत एक काळा डाग आहे, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. नेवार्क येथील हॅनिबल गुडविन या वृद्ध धर्मोपदेशकाने अशाच फिल्मचे पेटंट १८८७ साली मागितले होते. अकरा वर्षे ते अर्जांच्या आणि हरकतींच्या चक्रात अडकले. १८९८ साली पेटंट हाती आले, आणि कारखाना उभा राहण्यापूर्वीच १९०० साली गुडविन वारले. त्यांचे हक्क घेणाऱ्या कंपनीने दावा लावला, आणि १९१४ साली ईस्टमन यांच्या कंपनीला ५० लाख डॉलर मोजावे लागले. पुढल्याच वर्षी न्यायालयाने कंपनीवर मक्तेदारीचाही ठपका ठेवला. प्रतिस्पर्ध्यांना विकत घेणे, दुकानदारांना अटींनी बांधणे ही या उद्योगाची दुसरी बाजू होती. ग्राहकाचे ओझे उतरविणारा हा माणूस स्पर्धकांच्या बाबतीत मुळीच हळवा नव्हता.

१९०० साली त्यांनी जे केले त्याची तुलना मात्र दुसऱ्या कशाशी होणे कठीण. जाड पुठ्ठ्याची, वर नकली चामडे लावलेली एक साधी खोकी, नाव ब्राउनी, किंमत १ डॉलर. सहा चित्रांची फिल्म १५ सेंटला. ही खोकी मुलांसाठी होती. नावही त्या काळच्या बालसाहित्यातील खोडकर बुटक्यांचे. पहिल्याच वर्षी एक लाखाहून अधिक खोकी खपली. सहली, वाढदिवस, अंगणातील कुत्रे, आजीचा हसरा चेहरा या गोष्टी चित्राला योग्य असतात, हे जगाला प्रथम कळले ते असे. शाळांच्या स्मरणिकांत सहलींची जी धूसर, किंचित वाकडी छायाचित्रे सापडतात, त्यांचे कुळ शोधीत गेल्यास ते या पुठ्ठ्याच्या खोक्यापाशी पोचते.

अशीच एक ब्राउनी १९१६ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील योसेमिटीच्या दरीत पोचली. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका चौदा वर्षांच्या मुलाला ती आईवडिलांनी दिली होती. समोरचा हाफ डोम हा अजस्र सुळका टिपण्यासाठी तो एका कुजक्या बुंध्यावर चढला. बुंधा मोडला, मुलगा डोके खाली पाय वर असा कोसळला आणि पडता पडता बटण दाबले गेले. चित्र आले ते उलटे. त्या मुलाचे नाव ॲन्सेल ॲडम्स. अरण्य आणि पर्वत यांचा विसाव्या शतकातील हा सर्वांत मोठा छायाचित्रकार पुढे पुन्हा मोठ्या, जड कॅमेऱ्याकडे वळला, हे खरे. पण ते ओझे त्याने आपखुषीने उचलले होते. सिएरा नेवाडा पर्वतावरील त्याच्या १९३८ च्या ग्रंथाचा, १९४० साली किंग्ज कॅन्यन हे राष्ट्रीय उद्यान निर्माण होण्यास मोठा हातभार लागला. जे रान कोणी पाहिलेच नाही ते राखावे असे लोकांना वाटावे कसे?

याला दुसरी बाजूही आहे. मोटारी वाढल्या तसे १९२०च्या दशकात कोडॅकने अमेरिकेच्या रस्त्यांकडेला फलक लावले. पुढे छायाचित्राजोगे दृश्य आहे, असे ते प्रवाशाला बजावीत. कोठे थांबावे आणि काय पाहावे हे आता फलक सांगू लागला. पाहण्याआधी टिपण्याची जी घाई आज प्रत्येक पर्यटनस्थळी दिसते, तिचे बीज त्या फलकांत होते.

ईस्टमन यांना स्वतःला विश्रांती मिळाली ती उशिरा. लग्न त्यांनी केले नाही. रॉचेस्टरच्या ईस्ट अव्हेन्यूवर पन्नास खोल्यांचे घर बांधले. रोज सकाळी न्याहारीच्या वेळी तेथे ऑर्गन वाजे. दोनच वर्षांनी, १९०७ साली, आई गेली. तो दिवस त्यांनी रडण्यात घालविला. हा अबोल, हिशेबी माणूस रडताना पूर्वी कोणी पाहिला नव्हता. रानात तंबू ठोकून राहणे, तेथे स्वतःच्या हातांनी स्वयंपाक करणे हा त्यांचा आवडता विसावा. १९२६ साली, सत्तरी ओलांडल्यावर, ते पूर्व आफ्रिकेच्या जंगलात गेले. हातात आपल्याच कंपनीचा छोटा चलच्चित्र कॅमेरा. एक गेंडा धावून आला तरी त्यांनी चित्रण थांबविले नाही. सोबतच्या शिकाऱ्याच्या गोळीने तो काही पावलांवर कोसळला. हा प्रसंग त्यांच्या धैर्याची साक्ष म्हणून सांगितला जातो. एका चित्रापायी एक जनावर हकनाक मेले, हेही त्यासोबत सांगावयास हवे. ईस्टमन शिकारही करीत. त्यांच्या घराच्या दालनात हत्तीचे डोके टांगलेले होते.

पैसा मात्र त्यांनी साठवून ठेवला नाही. १९१२ पासून कामगारांना नफ्याचा वाटा सुरू केला. १९१९ साली स्वतःच्या भागांपैकी एक तृतीयांश त्यांच्या नावे केले. बोस्टनजवळील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यालयाला एका ‘मिस्टर स्मिथ’कडून लक्षावधी डॉलर मिळत राहिले. ते स्मिथ कोण हे १९२० पर्यंत अध्यक्षांखेरीज क्वचितच कोणाला ठाऊक होते, आणि विद्यार्थी त्या अज्ञात दात्याची गाणी गात होते. रॉचेस्टरला संगीत विद्यालय, कृष्णवर्णीयांच्या टस्कीगी आणि हॅम्प्टन या संस्थांना देणग्या, रॉचेस्टरपासून रोमपर्यंत मुलांसाठी दंतचिकित्सालये, अशा दानांचा आकडा १० कोटी डॉलरच्या पुढे गेला. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या माणसाने आपले बहुतेक धन विद्यालयांत ओतले. कोट्यवधी लोकांची चित्रे ज्याच्यामुळे निघाली, त्याची स्वतःची चित्रे मात्र मोजकीच. आपल्याच गावच्या रस्त्यावरून जाताना त्यांना फारसे कोणी ओळखीत नसे.

अखेरच्या दोन-तीन वर्षांत मणक्याचा विकार जडला. उभे राहणे अवघड झाले, चालणे फरफटीवर आले. आईची शेवटची वर्षे चाकांच्या खुर्चीत गेलेली त्यांनी जवळून पाहिली होती. १४ मार्च १९३२ रोजी त्यांनी आपल्या मृत्युपत्रात एक दुरुस्ती करून घेतली, साक्षीला आलेल्या मित्रांना निरोप दिला आणि आपल्या खोलीत स्वतःच्या हातांनी आयुष्य संपविले. आपले काम झाले आहे, अशा आशयाची दोन-तीन ओळींची चिठ्ठी त्यांनी मित्रांसाठी ठेवली होती. त्या वेळी ते ७७ वर्षांचे होते. सारे ओझे एकट्याने वाहण्याची सवय जडलेल्या या माणसाने आपल्या यातनांचा भार मात्र कोणापाशी हलका केला नाही, ही त्यांच्या चरित्रातील सर्वांत दुःखद गोष्ट.

त्यांच्या अस्थी रॉचेस्टर येथे कोडॅकच्या कारखान्याच्या आवारातच विसावल्या आहेत. ईस्ट अव्हेन्यूवरच्या घरात १९४९ साली छायाचित्रणाचे संग्रहालय सुरू झाले. ओल्या काचेच्या काळातील अवजड पेट्या आणि पुठ्ठ्याची एक डॉलरची ब्राउनी तेथे एकाच छपराखाली पाहावयास मिळतात.